शॉकअप की साधा चिमटा

५ फेब्रुवारी, बुधवार

शॉकअप गेला. म्हणजे गेलेलाच होता, आज कळलं.

लॅबमधून आल्यावर सायकल मिस्त्रीकडे टाकली. गेले तीन आठवडे ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती आणि मी रोज तिला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होते — नको असलेला पाहुणा मुक्कामाला आल्यासारखी. चालवली एकदाच, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. पुढचं चाक प्रत्येक खड्ड्यात 'खट्' करायचं आणि तो खट् थेट मनगटात.

मिस्त्री बोलत नाही. प्रश्न विचारला की 'हूं'. दुसरा विचारला की जरा लांब 'हूं'. त्याने पुढचा ब्रेक दाबून हँडलवर सगळं वजन टाकलं. दणका खाऊन खाली-वर व्हायचं ते त्या शॉकअपचं काम. तो जागचा हलला नाही. मग खोलला. मला वाटलं होतं, आत स्प्रिंग असेल. आतून रबराच्या गोट्या निघाल्या, एकावर एक रचलेल्या — आणि त्यांचा पार भुगा झालेला. मिस्त्रीने तो माझ्या तळहातावर ओतला, जणू माझ्याच घरातलं काहीतरी परत करतोय.

"हे मिळत नाही आता," म्हणाला. त्याचं आजपर्यंतचं सगळ्यात मोठं वाक्य.

आता दोनच उपाय. एक तर पुढचं चाक धरणारा साधा लोखंडी चिमटा बसवायचा. त्यात हलणारं काही नाही म्हणून बिघडणारंही काही नाही. नाहीतर दुसऱ्या सायकलचा शॉकअप शोधून जमतो का बघायचं. "विचार करून सांगा ताई."

विचार करायला माझ्याकडे वेळच वेळ आहे.


६ फेब्रुवारी, गुरुवार

ही सायकल आली कशी ते इथे लिहिलंच नव्हतं. लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच प्रश्न पडेल, की सेहेचाळिसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं कुठून.

वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी होती, मोठ्या अक्षरांत टाइप केलेली. 'डोंगरात चालणारी जुनी सायकल. चालवणाऱ्यालाच देणे आहे.' का कोण जाणे, गेले. दार एका उंच, जरा वाकलेल्या गृहस्थांनी उघडलं. बोलताना माझ्या कानाकडे बघत होते. मला वाटलं, कानाला काही लागलंय. मग त्यांनीच सांगितलं — डोळ्यांच्या पडद्याचा आजार. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणूस बघायचा तर त्याच्या शेजारी बघायचं.

मोजणी खात्यात होते, चौतीस वर्षं. जमिनी मोजल्या, रस्ते आखले. मुलगा-सून वरच्या मजल्यावर, हे खाली. मी त्यांना काका म्हणते.

सायकल हिरवी, जाड लोखंडी, कडांना रंग उडालेली. सव्वीस वर्षं त्यांनीच चालवलेली. किंमत विचारली तर हात झटकला. अट मात्र घातली. "महिन्यातून एक फोन करायचा. कुठे कुठे गेली ते सांगायचं. बाकी काही नको."

मी हो म्हटलं. हो म्हणायला मला कधीच जड जात नाही.


९ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन, अकराला, नेहमीप्रमाणे. ती दादा-वहिनीकडे असते, इथून बसने एका रात्रीच्या अंतरावर. गुडघे झाले, वहिनीची नोकरी झाली, शेजारचं बांधकाम झालं. मग शेवटी ठरलेला प्रश्न.

"जावईबापू कसे आहेत?"

"बरे आहेत. खोकला झाला होता, आता कमी आहे."

"तिकडची हवा मानवत नसेल."

"हं. कोरडं आहे ना ते गाव."

"काळजी घ्यायला सांग."

सांगते म्हटलं.

इथे तरी नीट लिहावं. हे पान काही आईला फोन करायला जाणार नाही.

त्याची बदली झालेली नाही. तो गेला. मागच्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी. दुसरी बाई नाही, भांडण नाही. "माझ्याकडून आता होत नाही," एवढंच. जायच्या आधी फ्रीज आतून पुसून काढला. किल्ल्यांना चिठ्ठ्या लावल्या — गच्ची, माळा, मीटर. बावीस वर्षांचा संसार आणि निरोपाला 'मीटर'. माझ्याशिवाय कोणाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती त्याला. ते काम माझ्यावर सोडून गेला.

मीही ते केलं नाही. दहा महिने झाले. लॅबमध्ये बदली, शेजारी बदली, आईला बदली. खोकला तेवढा नवीन. आजच सुचला.


११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर कवळ्या. एका आजींची वरची कवळी तिसऱ्यांदा परत आली — टोचते म्हणे. कुठे टोचते ते कळायला त्या मला भेटायला हव्यात, पण आमच्या लॅबमध्ये तोंडं येत नाहीत, नुसते साचे येतात. वीस वर्षं मी लोकांचं हसू घासून-पुसून देते आणि हसताना एकालाही बघितलेलं नाही.

दुपारनंतर उजव्या हाताची तीन बोटं बधिर. ग्राइंडर धरलाय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागलं. संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊन आले. मनगटात नस दबली आहे. "ग्राइंडर सोडता येणार नाही, मान्य. बाकीचे धक्के तरी टाळा."

सायकलचं सांगितलं नाही.

म्हणजे शॉकअप. झालं. हातच गेला तर मी करू काय?


१५ फेब्रुवारी, शनिवार

काकांना फोन केला. महिना भरला होता.

"कुठे गेली?" हॅलो नाही, कशी आहेस नाही.

सायकल मिस्त्रीकडे उलटी टांगलेली आहे, एवढं सांगायला काय हरकत होती? पण तोंडातून निघालं, "टाकीच्या टेकडीवर."

"वा. कालव्याकडून गेलीस?"

"हो."

"मग पुलाखालून गेलीस की वरून?"

कालव्यावर पूल आहे हेच मला माहीत नव्हतं. "वरून."

"वरून पायऱ्या आहेत."

"उचलून नेली."

मग, "जड आहे ती. शॉकअप कसा आहे?"

"छान. दुरुस्त करून घेतला."

"तो काढू नकोस हां. काही झालं तरी काढू नकोस."

का, ते विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बोलणं वाढलं असतं, आणि माझ्याकडचे पूल संपले होते.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, की मला आता घामही येत नाही. पूर्वी आईशी खोटं बोलले की तळहात ओले व्हायचे.


१६ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं, खोकला गेला. तिलाही बरं वाटलं, मलाही.


२० फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्रीचा निरोप — शॉकअप मिळाला, येऊन बघा.

कोणाच्या तरी मोडीत काढलेल्या सायकलचा. काळा, चकचकीत, दिसायला झकास. "नवे घेतले तर तुमचे ब्रेक बसत नाहीत," मिस्त्री म्हणाला. माझे ब्रेक जुन्या पद्धतीचे, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे. ते धरायला चिमट्यावर दोन खुंट्या लागतात. नव्या शॉकअपना त्या नसतात. ह्याला होत्या. त्याने हुडकून काढला होता. मी म्हटलं, मग बसवा की.

बसवला. गल्लीत एक चक्कर मारली. खड्डा आला, गेला — काही कळलंच नाही! मनगट शांत. मी दुकानाच्या समोरूनच पुन्हा गेले, मुद्दाम, दाखवायला. कोणाला, ते विचारू नये.

पण वळताना गंमत झाली. मी हँडल वळवलं आणि सायकल जरा थांबून वळली. जणू आधी विचार केला तिने. सरळ जातानाही पुढचं चाक डुलत होतं, सावकाश, दुपारी जेवून उठलेल्या माणसासारखं.

मिस्त्रीने पट्टी घेतली. चाकाच्या आसापासून वर चिमट्याच्या खांद्यापर्यंत. जुना शॉकअप एकेचाळीस सेंटिमीटर. हा सत्तेचाळीस. "पुढून उचलली गेली," म्हणाला. खडूने फरशीवर दोन सायकली काढून दाखवल्या, एक सरळ बसलेली आणि एक मागे रेललेली. चित्र छान काढतो. मी तसं म्हटलं. "हूं."

साधा चिमटा तो एकेचाळीसचा आणू शकतो. शॉकअप त्या मापाचा आता कोणी बनवत नाही.

घरी येऊन तक्ता केला. डावीकडे 'मनगट', उजवीकडे 'वळण'. डावीकडे लिहिलं — डॉक्टर, कवळ्या, काकांचं 'काढू नकोस'. उजवीकडे काहीच सुचेना. तरी ते रिकामं अर्धं पानच बघत बसले.


२३ फेब्रुवारी, रविवार

आई आज वेगळंच बोलली. "मी येऊ का तुझ्याकडे? चार दिवस. एकटीच असतेस."

इथे येईल, कपाट उघडेल. अर्धं कपाट रिकामं आहे. बदलीवर गेलेला माणूस हिवाळी कोट, जुने बूट, बापाचा फोटो घेऊन जात नाही.

"अगं, घरात रंगकाम काढलंय," म्हटलं. "वास असतो नुसता."

"कुठला रंग दिलास?"

समोर टेबलावर मिस्त्रीच्या खडूने बरबटलेला माझा रुमाल होता. "पांढरा."

"पांढरा बरा," आई म्हणाली. मग मला वाटलं फोन कटला. हॅलो हॅलो केलं तर म्हणाली, "आहे मी."


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साधा चिमटा.

कारण फार थोर नाही. आज पुन्हा त्या लांब शॉकअपवर बसून पाहिलं, या वेळी बाजाराच्या चढावर. चढताना पाय जो जोर लावतात तो पुढे जायचा, तर शॉकअप तो गिळत होता. वर-खाली, वर-खाली, आणि मी आहे तिथेच. उतरून ढकलत आणली.

मिस्त्रीला म्हटलं, डॉक्टर म्हणतात धक्के नकोत. त्याने हात पुसले. मग एका दमात बोलला, आणि बोलताना माझ्याकडे नाही, सायकलकडे बघत होता.

"तिचा कोन ठरलेला आहे ताई. पुढून उचलली की ती तिची राहत नाही. चिमटा बसवू. टायर जाड लावू, हवा कमी ठेवू. निम्मा धक्का तिथेच जातो. बाकीचा निम्मा तुम्ही सांभाळायचा. कोपर सैल ठेवा. तुम्ही हँडल धरत नाही, आवळता."

हो, आवळते.

काकांना काय सांगायचं? मिस्त्रीला विचारावंसं वाटलं. तो 'हूं' म्हणाला असता.


१ मार्च, शनिवार

बसला. काळा, बारीक, सरळ. इतक्या जाड सायकलला तो पुढे लावलेला बघून वाटलं, कोणीतरी मिशी काढून आलंय.

पहाटे नाही, उगाच शूर व्हायचं नाही. चांगलं ऊन पडल्यावर निघाले. कालव्याकाठचा मातीचा रस्ता. सुरुवातीला प्रत्येक खडा कळत होता. मी आवळत होते. मग कोपर सैल सोडले, मुद्दाम, एखाद्या बावळट बाहुलीसारखे. आणि ती वळली! नजर गेली तिकडे वळली, विचारायला न थांबता.

पाच-सहा किलोमीटर गेले असेन. पाण्यात एक बगळा उभा होता. रस्त्याला माणूस नाही. म्हटलं, कोणालातरी सांगावं — बगळा बघितला, एवढंच. फोन काढला. नावांवरून बोट फिरवलं वरपासून खालपर्यंत. ज्याला बगळ्याचं सांगायचं, त्याला पुढे 'आणि ते कसे आहेत?' हे विचारण्यापासून अडवायचं कसं?

फोन खिशात ठेवला. बगळाही उडाला.


४ मार्च, मंगळवार

बोटं बधिर. दोन दात वाकडे लावले. समोरचेच. मालकीणबाईंनी साचा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे काय, एकमेकांवर रुसलेत?"

मी हसले. त्या नाही हसल्या. "घरी जाऊन ये चार दिवस, तिकडे त्यांच्याकडे. रजा घे. किती दिवस झाले भेटून?"

म्हटलं, जाईन.

येताना मिस्त्रीकडे. त्याने टायरमधली आणखी हवा काढली आणि हँडल बोटभर वर घेतलं. मनगट सरळ राहायला हवं म्हणे. पट्टा करून दिला कापडाचा, हँडलला गुंडाळायला.


८ मार्च, शनिवार

टाकीच्या टेकडीवर गेले. खरंच गेले.

कालव्याचा रस्ता, मग डावीकडे आमराईसारखी गर्द झाडी, मग पूल. दगडी, जुना. रस्ता त्याच्या खालूनही जातो आणि वरूनही. मी थांबले. वर बघितलं.

पायऱ्या नाहीत.

सायकल खाली ठेवून दोन्ही बाजूंनी चालत जाऊन बघितलं. पुलावर सपाट मातीचा उतार आहे, बैलगाडी जाईल एवढा रुंद. पायऱ्या कधीकाळी होत्या असंही दिसत नाही.

म्हणजे काकांना तेव्हाच कळलं होतं. मी 'उचलून नेली' म्हटलं, त्या क्षणी. आणि तरी म्हणाले, "जड आहे ती."

वर टेकडीवर पोचले. टाकीच्या सावलीत बसले. मनगट ठणकत होतं, पण ठणका सायकलचा होता, ग्राइंडरचा नव्हता. दोन्हींत फरक असतो हे आज कळलं. गाव सगळं दिसत होतं. आमचं घर शोधलं. सापडलं नाही. सगळ्या गच्च्या सारख्याच.

कान गरम झाले होते ते उतरेपर्यंत निवले नाहीत. पकडले गेले ह्याची लाज होती. पण लाजेच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. कोणीतरी माझं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकलं होतं.


९ मार्च, रविवार

आईने आज दोनदा विचारलं. एकदा मधे, एकदा शेवटी. "जावईबापू बरे आहेत ना? नक्की ना?"

नक्की म्हटलं.


१२ मार्च, बुधवार

काकांना करायला फोन तीनदा हातात घेतला. फोनवर जमणार नाही. फोनवर मी फार सराईत आहे.


१५ मार्च, शनिवार

सायकल घेऊनच गेले.

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. फाटक वाजलं तशी मान वाकडी करून बघितलं, माझ्या बाजूच्या कुंडीकडे. "चेन ओळखली," म्हणाले. "तेल बरं घातलंय."

उठले. हात पुढे करत आले. आधी सीट सापडली, मग आडवी नळी, मग हँडल. कापडाच्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. मी बोलायला हवं होतं, त्याच वेळी. हात खाली गेला, चाकाच्या दिशेने, आणि तिथे थांबला. जिथे त्यांच्या हाताला जाड नळकांडं लागायला हवं होतं तिथे बारीक लोखंड. वरून खाली बोटं गेली. पुन्हा खालून वर.

"चिमटा," म्हणाले.

"पुलावर पायऱ्या नाहीत, काका."

"नाहीत. कधीच नव्हत्या. तो रस्ता मीच आखला होता."

वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली आपटली.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? गेली नाहीस एवढं कळलं. का गेली नाहीस ते तुझं तू सांगशील म्हटलं." मग चिमट्यावर टिचकी मारली. "लांबी काय घेतली?"

"एकेचाळीस."

"मग बरोबर आहे. मूळचा तेवढाच होता."

खुर्चीत बसले. मी पायरीवर. म्हटलं, मग शॉकअप काढू नकोस असं का म्हणालात? मूळचा साधाच होता तर तुम्ही बदलला कशाला?

त्यांनी जे सांगितलं ते आठवतंय तसं लिहिते. खड्डे दिसेनासे झाले तेव्हा बसवला. आधी वाटलं रस्ते खराब झाले. मग समजलं की रस्ते तेच आहेत. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर सायकल बंद, मग फिरणं बंद, मग एका खोलीत बसा. शॉकअप बसवला. खड्डा दिसला नाही तरी पडायला होत नव्हतं. हात जोडले त्याला. तीन वर्षं काढली अशी. मुलगा विचारायचा, बाबा, दिसतंय ना? "दिसतंय म्हणायचो. बाजूचं दिसतच होतं."

"मग?"

"मग एक बाई. शाळेसमोर, रस्ता ओलांडत होती. अगदी मधोमध. मला ती नव्हतीच. हात मोडला तिचा, कोपरातून." स्वतःचं कोपर धरून बसले. "दवाखान्यात मुलगा आला. तिच्या नवऱ्यासमोर मला म्हणाला, बाबा, तुम्हाला दिसत नव्हतं? तिथे सांगावं लागलं. घरात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिचा हात अजून सरळ होत नाही."

"तरी मला काढू नकोस म्हणालात."

"ज्याच्या जिवावर निभावलं, त्याला काढ म्हणायला जीभ रेटत नाही गं. चूक होतं ते."

मी फरशीवरची मुंगी बघत होते. कसं सुरू झालं माहीत नाही. सरळच म्हटलं, "माझा नवरा मला सोडून गेलाय."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. अकरा महिने होतील."

"आणि बाहेर काय सांगतेस?"

"बदली."

"कुठे?"

"कोरड्या हवेच्या गावी. मधे त्यांना खोकला झाला होता."

काकांच्या तोंडून हसू फुटलं. मग मलाही आलं. इतकं, की वरून सूनबाईंनी वाकून बघितलं. हसता हसता माझं नाक वाहायला लागलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. काका उठले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही, पाणी हवं का विचारलं नाही. नुसते माझ्या शेजारच्या हवेकडे बघत बसले. म्हणजे माझ्याकडेच.

थांबल्यावर म्हणाले, "आईवडील?"

"आई आहे. तिला धक्का बसेल."

"बसेल," म्हणाले. "कोणीतरी रस्त्यात भेटून सांगेल तेव्हा जास्त बसेल."

निघताना म्हणाले, कोपऱ्यापर्यंत येतो. मी हँडल धरलं, त्यांनी सीटवर हात ठेवला. अशी सायकल चालवत नेली, दोघांनी, चालत. रस्ता उकरलेला होता. खड्डा आला की मी सांगत होते.


१६ मार्च, रविवार

अकराची वाट बघितली नाही. नऊला मीच फोन केला. म्हटलं, आई, बदली नाही. तो गेलाय. मागच्या एप्रिलमध्येच.

"माहीत आहे," आई म्हणाली. "त्याच आठवड्यात तो इथे आला होता. माझ्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगून गेला."

म्हटलं, मग दर रविवारी विचारत का होतीस?

"म्हटलं, आज सांगेल."